सगळे वारस राजी असले तरी यादी द्यावी लागते

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. थोरल्या भावाने मृत्युपत्रात मला एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी, नेमलं. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, मिळून आठ महिने झाले. 'माझ्या बहिणीकडे कुणी हिशेब मागू नये' असं त्याने लिहून ठेवलंय. चारही वारस राजी आहेत; त्यातली नात १४ वर्षांची आहे. अमेरिकेतला भाचा म्हणतो, तिकडे वारसांनी सह्या केल्या की मालमत्तेची यादी माफ होते. इथे तसा अर्ज करता येईल का?

उत्तर : ताई, भाचा खोटं सांगत नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत मृत्युपत्रात तसं लिहिलं असेल किंवा वारसांची संमती असेल, तर यादी आणि हिशेब टळतो. आपल्या भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मध्ये मात्र ही सोय नाही. कलम ३१७ प्रमाणे प्रोबेटपासून सहा महिन्यांत यादी आणि एका वर्षात हिशेब न्यायालयात द्यायचा असतो. प्रोबेटचा कागद कपाटातून काढून सावकाश वाचा. त्याच्या ठरावीक नमुन्यातच यादी आणि हिशेब देण्याची हमी असते, आणि ती तुम्ही दिलेली आहे.

भावाच्या त्या वाक्यात तुमच्यावरची माया दिसते, पण न्यायालयावर ते बंधनकारक नाही. शिवाय १४ वर्षांच्या मुलीची संमती ही संमतीच नव्हे. उद्या ती सज्ञान झाली आणि 'माझ्या वाट्याचं काय केलंत?' असं विचारलं, तर तिच्या आईची सही दाखवून तुमची सुटका होणार नाही. दाखल केलेला हिशेबच तुमच्या बाजूने बोलेल.

माफी नाही, पण मुदतवाढ मिळू शकते. कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात तुमच्या वकिलांमार्फत लगेच अर्ज द्या आणि उशिराचं खरं कारण लिहा. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडा. यादीही त्याच अर्जासोबत दिलीत तर उत्तम. हे टाळू नका. सबळ कारण नसताना जाणूनबुजून यादी दिली नाही, तर कलम २६३ खाली प्रोबेट रद्द होऊ शकतं. न्यायालयाने मागूनही मुद्दाम दिली नाही किंवा जाणूनबुजून खोटी दिली, तर तो गुन्हा ठरतो.

यादी म्हणजे वाटणी नव्हे, हे घरच्यांना आधी समजावा. घर, शेत, ठेवी आणि दागिने त्यांच्या अंदाजी किमतीसह लिहा. दागिने गुजरीतल्या सराफाकडून वजन करून घ्या. वजन आणि कस लिहिलेली चिठ्ठी त्याच्या सहीने घ्या. लोक नेमके हातउसने दिलेले पैसे विसरतात. भावाने कुणाला लाखभर रुपये नुसत्या शब्दावर दिले असतील, तर तेही येणं म्हणून यादीत हवं.

हिशेबाला चार महिने आहेत. भाऊ गेल्यानंतर आलेलं ऊसबिल तुमच्या पेन्शनच्या खात्यात जमा झालं असेल, तर ते आजच वेगळं काढा आणि इस्टेटीसाठी स्वतंत्र खातं उघडा. अंत्यविधीचा खर्च आणि फेडलेली देणी पावतीसह तारीखवार वहीत उतरवा. वारसांची संमती वाया जायची नाही : हिशेब तयार झाला की तिन्ही सज्ञान वारसांना तो वाचून दाखवा, खाली 'मान्य' अशा सह्या घ्या आणि मगच दाखल करा.