दार लागलं की गाडी कॅप्टनची

मागच्या अंकात सोलापूरच्या विमानाबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि व्हॉट्सअॅपचा नुसता पाऊस पडला. जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरात मुंबईचं, त्याआधी आपण पुणे नाहीतर हैदराबाद गाठायचो, त्यामुळे घरटी एक तरी माणूस आता पहिल्यांदा विमानात बसतोय. मला वाटलं भाड्याबद्दल आणि बॅगेच्या किलोबद्दल विचारतील, तर निम्मी पत्रं भांडणाची निघाली, कोण कसं वागलं, पोलीस कसे आले, आमचं काय होणार वगैरे. नवी पेठेत तिकिटं काढून देण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली, त्यामुळे असल्या गोष्टी कानावर पुष्कळ आल्यात. पाच पत्रं घेतो, नावं मुद्दाम देत नाही.

प्रश्न (निवृत्त एसटी कंडक्टर, जुळे सोलापूर): दादा, मी ३१ वर्षं एसटीत काढली, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर सगळे रूट केले. गाडीत कुणी पिऊन दंगा केला की आमच्याकडं दोन रस्ते. एक तर बेल मारून हितंच उतर म्हणायचं, नाहीतर ड्रायव्हरला सांगून गाडी सरळ पोलीस स्टेशनच्या दारात लावायची, बाकीचे पॅसेंजर बोंबलेनात का. आता मुलाकडं विमानानं जायचंय. वरती कुणी असा दंगा केला तर ती एअर होस्टेस पोरगी काय करणार? वरती पोलीस असतो का? घरचे मला हसूलालेत, पण मला खरंच जाणून घ्यायचंय.

उत्तर: हसू द्या त्यांना, प्रश्न एकदम रास्त आहे. वरती पोलीस नसतो. काही ठरावीक फ्लाइटवर साध्या कपड्यातले एनएसजीचे, म्हणजे सरकारी कमांडो दलाचे, स्काय मार्शल असतात, पण ते अपहरण रोखायला, शेजारच्याची दारू उतरवायला नव्हे. मग अधिकार कुणाकडे, तर कॅप्टनकडे. १९६३ चा टोकियो करार म्हणून आहे, आपण त्यावरून १९७५ ला कायदा केला, त्यात हे लिहिलंय की प्रवासी चढल्यावर बाहेरची सगळी दारं बंद झाली की तिथून उतरायला दार उघडेपर्यंत विमान ‘उड्डाणात’ धरायचं आणि त्या वेळात कॅप्टन माणसाला बांधून ठेवू शकतो, खाली उतरवू शकतो, उतरल्यावर पोलिसांच्या हवाली करू शकतो. म्हणजे विमान अजून जमिनीवरच उभं असलं तरी दार लागलं की गाडी त्याची.

तुम्हाला आवडेल अशी एक बारीक गोष्ट सांगतो. कॅप्टन आपल्या क्रूला हुकूम देऊ शकतो की याला धरा, पण प्रवाशांना हुकूम देता येत नाही, फक्त विनंती करता येते किंवा परवानगी देता येते. तुमच्या एसटीत कसं, चार धट्टेकट्टे पॅसेंजर उठायचे आणि तुम्ही तिकिटाची पेटी छातीशी धरून बाजूला व्हायचात, वरतीही साधारण तेच होतं, फक्त कागदावर नीट लिहिलेलं आहे. बांधायला नायलॉनच्या पट्ट्या असतात, एकदा ओढली की कापल्याशिवाय सुटत नाही.

प्रश्न (एक गृहिणी, विजापूर रोड): आम्ही दुबईहून मुंबईला येताना पुढच्या रांगेतला माणूस ड्युटी फ्रीची बाटली पिशवीतच उघडून पीत होता, मग आवाज चढला, एका एअर होस्टेसचा हात धरला. मी आणि माझी मुलगी इतक्या घाबरलो की विचारू नका. उतरल्यावर ‘सगळ्यांनी जागेवरच बसा’ अशी अनाउन्समेंट झाली, दोन वर्दीवाले आत आले, त्याला घेऊन गेले, पाच मिनिटांत खेळ खलास. दादा, विमान मध्येच का नाही उतरवलं? आणि आम्हाला आता साक्षीला बोलावतील का? मिस्टर म्हणतात कोर्टाच्या भानगडीत पडू नको.

उत्तर: ताई, आधी बाटलीचं. स्वतःची दारू विमानात उघडता येत नाही, ड्युटी फ्रीची पिशवी सीलबंद असते ती घरी जाऊन फोडायची. देशातल्या देशात तर विमानात दारू देतच नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि मग सोलापूरच्या विमानात बसून ‘बिअर मिळंल का’ विचारतात.

मध्येच का नाही उतरवलं? दुबई ते मुंबई तीन तासांचा पल्ला, अर्ध्यात आलात की कुठंही वळलं तरी वेळ जवळपास तेवढाच. वर भरलेल्या टाकीनिशी उतरायचं म्हणजे वजन जास्त, आणि ए-३२० सारख्या विमानाला इंधन हवेत सोडून द्यायची सोयच नसते. शिवाय क्रूच्या ड्युटीचे तास संपले तर पुढे कोण उडवणार? म्हणून माणूस आवरता येत असेल तर आवरून न्यायचं, दार फोडायला लागला किंवा कुणाचा गळा धरला तरच वाट बदलायची. कॅप्टन वरूनच एटीसीला, म्हणजे खालच्या नियंत्रण कक्षाला, कळवतो, म्हणून चाकं टेकायच्या आधीच खाली माणसं उभी असतात. आत आलेले बहुधा सीआयएसएफचे, मोठ्या विमानतळांची सुरक्षा त्यांच्याकडे, पण गुन्हा ते नोंदवत नाहीत. ते स्थानिक पोलिसांच्या हवाली करतात, मुंबईच्या इंटरनॅशनलला म्हणजे सहार पोलीस स्टेशन.

आता कंपनीकडून काय होतं ते. डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, सप्टेंबर २०१७ ला नियम काढले त्यात गैरवर्तनाच्या तीन पायऱ्या केल्या. शिवीगाळ, अंगविक्षेप, पिऊन गोंधळ ही पहिली, त्याला तीन महिन्यांपर्यंत बंदी. ढकलणं, मारणं, नको तिथं हात लावणं ही दुसरी, सहा महिन्यांपर्यंत. जिवावर बेतणारं किंवा कॉकपिटमध्ये घुसायचा प्रयत्न ही तिसरी, कमीत कमी दोन वर्षं आणि वर मर्यादा नाही. कोणती पायरी ते कंपनीतला साहेब ठरवत नाही, निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली समिती असते, तिने ३० दिवसांत निकाल द्यायचा. तुमच्या त्या माणसाने हात धरला म्हणजे दुसरी पायरी.

साक्षीचं म्हणाल तर मिस्टरांचं ऐकू नका, माफ करा पण नकाच ऐकू. नोव्हेंबर २०२२ ला न्यूयॉर्क-दिल्ली एअर इंडियाच्या विमानात एका प्रवाशाने वयस्कर बाईंवर लघवी केल्याची तक्रार झाली, आणि तो माणूस दिल्लीला उतरून आरामात घरी निघून गेला. दार उघडलं त्या क्षणी कुणी कुणाला कळवलंच नाही. जानेवारीत बातमी फुटली तेव्हा दिल्ली पोलिसांनी त्याला बेंगळुरूहून धरून आणला, कंपनीला ३० लाखांचा दंड झाला, पायलटचं लायसन्स तीन महिने थांबवलं. म्हणून पुढच्या वेळी असं काही झालं तर उतरायच्या आधीच क्रूला सांगायचं, मी पाहिलंय, माझा सीट नंबर अमुक, कागद द्या लिहून देते. त्या पोरीला रोज उठून त्याच कामावर जायचंय, तिच्या बाजूने एक कागद असला तर तिला बरं पडतं.

प्रश्न (कॉलेजचा विद्यार्थी, अशोक चौक): गोव्याला जाताना मला इमर्जन्सी दाराजवळची सीट मिळाली. सहज हँडलला हात लावून बघितला तर ती मॅडम अशी ओरडली की सगळं विमान माझ्याकडं बघायला लागलं. उडताना ते दार उघडतं का ओ?

उत्तर: अबे, सहज? मोठं जेट विमान उंचावर असताना आतली हवा साधारण आठ हजार फुटांवर असते तेवढी दाबून ठेवलेली असते, बाहेर हवा विरळ. म्हणजे दाराच्या दर चौरस सेंटिमीटरवर आतून अर्ध्या किलोच्या आसपास जोर, मोठ्या दाराचा हिशोब केला तर दहा टनांच्या घरात जातं. अशी दारं बसवलेलीच अशी असतात की हा दाबच त्यांना चौकटीत घट्ट धरतो, कुकरचं आत बसणारं झाकण वाफ असेपर्यंत हलत नाही तसं. जिममध्ये कितीही बायसेप केले असलेस तरी तुझ्याच्याने होणार नाही.

पण खाली आलं की गोष्ट वेगळी. मे २०२३ ला दक्षिण कोरियात जेजूहून देगूला येणाऱ्या विमानात एकाने उतरायच्या जरा आधी, जमिनीपासून २१३ मीटरवर, दार उघडलं. आत वारा सुसाट, काही जणांना श्वासाचा त्रास झाला, विमान उघड्या दारानेच टेकलं. विचारलं तर म्हणाला, गुदमरत होतं, लवकर उतरायचं होतं. लगेच अटक. आपल्याकडे चेन्नईला डिसेंबर २०२२ मध्ये जमिनीवर उभ्या विमानाचं दार एका प्रवाशाकडून उघडलं, तर सगळी तपासणी परत करून मगच विमान सोडलं. ती मॅडम ओरडली ते थोडक्यात आटपलं. त्या सीटवर बसवताना ‘गरज पडली तर मदत कराल का’ असं विचारतात ना, तू हो म्हणाला असशील, न ऐकताच.

प्रश्न (नाव नको, बाळीवेस): विमानाच्या संडासात सिगारेट ओढायला बंदी आहे, मग दारावर अॅशट्रे कशाला ठेवतात? मला तर ती परवानगीच वाटली.

उत्तर: ती परवानगी नव्हे, हा नियम तुमच्यासारख्यांसाठीच केलाय. बंदी असूनही कुणीतरी ओढणारच हे धरून चाललेत, आणि ओढलीच तर थोटूक कागदाच्या डब्यात पडू नये म्हणून अॅशट्रे सक्तीची. १९७३ ला पॅरिसजवळ ब्राझीलचं एक विमान संडासातल्या आगीने गेलं, १२३ माणसं मेली, कचऱ्याच्या डब्यातल्या सिगारेटवरच संशय होता. वर धूर ओळखणारं यंत्र असतं, ते वाजलं की खाली पोलीस आलेच समजा. इ-सिगारेट तर २०१९ पासून देशातच बंद. आणि मावा खाऊन उलटीच्या पिशवीत थुंकणारे पण मला माहितीयत, त्यावर वेगळं पत्र आलं तर लिहीन.

प्रश्न (एक वैतागलेली मेहुणी, होटगी रोड): दादा, आमचे भाऊजी पुण्याहून दिल्लीला निघाले होते. हँडबॅगेत कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा स्टीलचा डबा. तपासणीवाल्याने विचारलं हे काय, तर भाऊजी हसत म्हणाले, ‘सोलापुरी बॉम्ब आहे साहेब, जपून.’ झालं. चार तास बसवून ठेवलं, जबाब लिहून घेतला, विमान गेलं, तिकिटाचे पैसे गेले. भाऊजी म्हणतात पोलिसांना विनोद कळत नाही. खरं कुणाचं? आणि डबा परत मिळेल का?

उत्तर: वहिनी, भाऊजींना सांगा चार तासांत सुटले ते नशीब. तपासणीवाल्याला विनोद कळतो, पण तो विनोद आहे असं ठरवायचा अधिकार त्याला नाही. बॉम्ब शब्द आला की वर कळवायचं, समितीने बसून धमकी खरी वाटते की खोटी ते ठरवायचं, असं ठरलेलं काम आहे, त्यात हसायला जागाच ठेवलेली नाही.

ऑक्टोबर ३०, २०१७ ला मुंबईच्या एका सराफाने विमानाच्या संडासात धमकीची चिठ्ठी ठेवली असा आरोप झाला, मुंबई-दिल्ली विमान अहमदाबादला उतरवलं. २०१६ च्या अपहरणविरोधी कायद्यात नुसती धमकीही बसते, त्याखाली २०१९ ला जन्मठेप आणि ५ कोटी दंड झाला. पुढे ऑगस्ट २०२३ ला गुजरात हायकोर्टाने त्याला निर्दोष सोडलं, पण मधली पावणेसहा वर्षं कोण देणार? ऑक्टोबर २०२४ ला तर सोशल मीडियावरून शेकडो विमानांना खोट्या धमक्या आल्या, सुरुवातीच्या काहींसाठी मुंबई पोलिसांनी छत्तीसगडच्या एका अल्पवयीन पोराला ताब्यात घेतलं. त्यानंतर तर सगळे जास्तच कडक झालेत.

आणि हे फक्त साध्या माणसाला लागू असंही नाही बरं का. मार्च २०१७ ला त्या वेळचे उस्मानाबादचे खासदार, आपली बार्शी त्यांच्याच मतदारसंघात, पुणे-दिल्ली विमानातल्या सीटवरून भडकले आणि एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला चपलेने मारलं. सगळ्या कंपन्यांनी एकजात तिकीट नाकारलं, खासदारांना रेल्वेने यावं लागलं. दोन आठवड्यांनी खेद व्यक्त केल्यावर बंदी उठली. वरच्या उत्तरात सांगितलेले तीन पायऱ्यांचे नियम त्यानंतरच आले.

उलटंही होतं, तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल दादा कंपनीच्या बाजूचे. एप्रिल २०१७ ला शिकागोत कंपनीला आपल्या क्रूसाठी सीट हव्या होत्या म्हणून ६९ वर्षांच्या एका डॉक्टरांना उतर म्हणाले, ते नाही म्हणाले, तर विमानतळाच्या सुरक्षावाल्यांनी ओढत नेलं, नाक मोडलं, दोन दात पडले. आपल्याकडे तिकीट असून चढू दिलं नाही आणि २४ तासांच्या आत दुसरी सोय केली तर नुकसानभरपाई कमाल १० हजार, त्याहून उशीर झाला तर कमाल २० हजार, असा नियम आहे. पण तो भाऊजींना लागू नाही, कारण त्यांना कंपनीने नाकारलं नाही, ते स्वतःच्या तोंडाने राहिले.

डब्याचं म्हणाल तर सोडायला कुणी बाहेर थांबलं असेल त्याच्याकडे दिला असता तर वाचला असता. आता तो नाही मिळायचा. पुढच्या वेळी चटणी चेक-इनच्या बॅगेत, डब्याला दोन पिशव्या, आणि विचारलं तर एवढंच म्हणायचं, ‘शेंगाचटणी आहे साहेब.’