तीन लिखाणं अर्धवट, आधी कुठलं धरू?

ताई, तुम्ही विचारलंत की काळाराम मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहावरची तुमची कादंबरी अर्धी झालीय, दिवाळी अंकासाठी एक कथा डोक्यात आहे, आणि आपल्या नाशिकच्या तांबट आळीतल्या जुन्या भांडी घडवणाऱ्या कारागिरांच्या आठवणी लिहायच्यात, पण नोकरी सांभाळून एकच काहीतरी धड होईल. अशा वेळी लोक सांगतात, जे मनापासून वाटतं ते लिहा. अहो, तिन्ही मनापासून वाटतायत म्हणून तर अडलंय ना!

माझं सरळ मत, आठवणी आधी.

कादंबरीचा माल कुठे पळून जात नाही. २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, पुढे काही वर्षं चालला, मग १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा, हे सगळं छापून आलेलं आहे. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे सरकारी खंड आहेत, सत्याग्रहातले त्यांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांना त्यांनी लिहिलेली पत्रं पुस्तकात आहेत, आणि आपलं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, तर १८४० पासूनचं, दोन वर्षांनी गेलात तरी तिथे बसून वाचता येईल. पण हातोडीच्या आवाजाने ज्यांचे कान गेले ती माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचं कुठेच काही लिहिलेलं नाही, आणि तुमच्या ओळखीने ती बोलतील, माझ्याशी बोलायची नाहीत.

आणि लगेच पुस्तक लिहायला बसू नका, आत्ता फक्त रेकॉर्डिंग. मोबाईल पुरतो, पण गल्लीत गाड्यांचा आवाज फार, म्हणून आतल्या खोलीत बसायचं आणि फोन त्यांच्या जवळ ठेवायचा. 'तुमच्या आठवणी सांगा' म्हटलं की म्हातारी माणसं भाषण सुरू करतात, आमच्या वेळी असं नव्हतं वगैरे. त्यापेक्षा घरातलं जुनं घंगाळ नाहीतर बंब समोर ठेवा आणि विचारा, हा जोड कसा दिलाय, मठारायला, म्हणजे हातोडीने ठोकून घडवायला, किती वेळ लागायचा, मजुरी नगावर होती की वजनावर, स्टील आल्यावर पहिलं गिऱ्हाईक कोणतं तुटलं. हात भांड्यावर गेला की बोलणं आपोआप सुटतं. त्यांचे शब्द आहेत तसेच ठेवा, 'शुद्ध' करू नका. त्याच रात्री निदान नाव, दिवस आणि कोण कोणाचा कोण एवढं वहीत टाका, नाहीतर महिनाभराने त्या फाइली म्हणजे बिनलेबलची लोणच्याची बरणी. घरच्यांची परवानगीही आधीच घ्या, भावकीचं काहीतरी निघतंच.

दिवाळी अंकाची कथा मी वेगळी धरतच नाही. बरेच अंक पावसाळ्यातच साहित्य मागवतात, तारीख बघा, चार-पाच रविवारांत होत असेल तर करा नाहीतर पुढच्या वर्षी, दिवाळी दरवर्षी येते. फक्त एकच कथा दोन संपादकांना एकदम पाठवू नका.

सिंहस्थ आलाय म्हणून गोदाघाटावर काहीतरी लिहू का, हे जे शेवटी विचारलंत ते मात्र सोडा हो. २०२६-२७ मध्ये सगळं नाशिक तेच लिहिणार आहे.

कादंबरी बंद करताना पुढच्या तीन प्रसंगांच्या दोन-दोन ओळी लिहून ठेवा, परत उघडाल तेव्हा सुरुवात शोधत बसायला लागणार नाही. आणि रविवारी जुन्या गावात जाणार असाल तर आधी कळवा, माझ्या ओळखीचे एक काका आहेत, अकराच्या आत गाठावं लागतं, नंतर ते जेवून झोपतात.