टोकियो स्टेशन आणि चादरींची बॅग

प्रश्न: लेकीकडे क्योटोला निघालेय. चादरींनी बॅग फुगलीय. टोकियोत एकटीला शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, सापडेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: ताई, नक्की सापडेल. क्योटोकडे जाणाऱ्या तोकाइदो मार्गाच्या शिंकान्सेनचे फलाट 14 ते 19. शेजारच्या 20 ते 23 वरून उत्तरेकडच्या गाड्या सुटतात, तिकडे वळू नका. मी वळले होते, रडकुंडीला आले.

बॅग मात्र आजच टेपने मोजा. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंमीपेक्षा जास्त भरली, तर डब्यात मागे सामानाची जागा असलेलं आसन आधीच आरक्षित करावं लागतं. वेगळे पैसे नाहीत. नोझोमी, म्हणजे या मार्गावरची सगळ्यात वेगवान गाडी, सव्वादोन तासांत पोचवते. उजवीकडची ‘ई’ खिडकी मिळाली तर घ्याच! आभाळ मोकळं असेल तर फुजी दिसतो. क्योटोला गाडी फार थांबत नाही, आधीच दाराशी या.