गॅस भर म्हणणाऱ्याचं लगेच ऐकू नको

भावा, या रिपेअरिंगच्या कामात नवीन आहेस म्हणून सांगतो, एसी-फ्रिजचं कूलिंग कमी झालं की पहिला सल्ला मिळतो तो "गॅस संपलाय, भरून टाक", आणि इथेच गिऱ्हाईकाचा कॉम्प्रेसर जातो. अरे सिस्टिम सीलबंद असते, गॅस काय पेट्रोल नाहीये जळून संपायला, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, ते शोध आधी. बऱ्याचदा तर गॅस बरोबरच असतो, फिल्टर चोंदलेला किंवा कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) धुळीने भरलेला, नाहीतर फॅनचा कपॅसिटर उतरलेला, आणि आपण वरून गॅस ढकलतो, मग लिक्विड परत कॉम्प्रेसरमध्ये येतं आणि व्हॉल्व्ह तुटतात. साध्या सफाईचं काम होतं, खर्च मात्र नव्या कॉम्प्रेसरचा.

व्हॅक्यूम न करता, म्हणजे पंपाने आतली हवा न ओढता, "गॅसनेच हवा बाहेर काढ" म्हणणारेही भेटतील. आर-४१०ए, आर-३२ या गॅसच्या एसीत कॉम्प्रेसरचं जे पीओई ऑइल असतं ना, ते आत राहिलेला ओलावा पटकन शोषतं, मग ॲसिड तयार होतं आणि कॉम्प्रेसरच्या मोटरचं वाइंडिंग काही महिन्यांनी जळतं, तोवर सल्ला देणारा गायब.

आणि हे मात्र नीट ऐक, लीक टेस्टला ऑक्सिजन कधीच नाही, कोणी कितीही मोठा मिस्त्री सांगू दे, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. ड्राय नायट्रोजनच, तोही रेग्युलेटर लावून. फ्रिजवर आर-६००ए लिहिलंय का ते ब्रेझिंगचा टॉर्च लावायच्या आधी बघ, तो गॅस पेट घेतो.