वाचक विचारतात : पायांखालची जमीन तापते तेव्हा

प्रश्न : मी फोंड्याची निवृत्त शिक्षिका आहे. यंदाचा हिवाळा म्युनिकला मुलाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढला. इमारत नवी असून खोल्यांमध्ये हीटर कुठेच दिसत नाही, कारण गरम पाण्याचे पाइप लादीखालून फिरवलेले आहेत. बाहेर बर्फ पडत असताना आम्ही घरात २६ अंशांत घामाघूम होत होतो. बैठकीच्या खोलीतला थर्मोस्टॅट २० वर ठेवला तरी खोली निवत नसे. शेवटी मुलगा रात्री सगळे बंद करी, सकाळी घर गार वाटू लागले की पुन्हा शेवटपर्यंत फिरवी, आणि दुपारी आम्ही खिडक्या उघडून बसत असू. दोष यंत्रणेचा की वापरणाऱ्याचा? शिवाय, अशाच पाइपांत थंड पाणी खेळवून गोव्यातले घर गार करता येईल का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून दोष दोन्हीकडे थोडा थोडा असावा. वापरणाऱ्याचा आधी पाहू, कारण तो फुकटात दुरुस्त होतो.

मे महिन्यात आपल्याकडे वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही की स्लॅब दुपारी तापतो आणि त्याचा ताप रात्री दहा वाजता पंख्याखाली बसल्यावर कळतो. आपल्या मुलाच्या घरात तोच स्लॅब पायांखाली आहे, एवढाच फरक. पाइपांवर साधारण साडेसहा सेंटिमीटर जाडीचा कोबा असतो, म्हणजे एका चौरस मीटरला सुमारे १३० किलो वजन. हा कोबा गरजेपेक्षा पाच-सहा अंशांनी जास्त तापला, तर पाणी पूर्ण बंद केल्यावरही साठलेली उष्णता खोलीत सोडायला त्याला चार-पाच तास सहज लागतात. सकाळी थर्मोस्टॅट शेवटपर्यंत फिरवला की कोबा निमूटपणे उष्णता पिऊन घेतो, खोलीला मात्र ती दुपारी मिळते, आणि तोवर दक्षिणेच्या खिडकीतून ऊनही आत आलेले असते. म्हणून चिरंजीवांना पहिली गोष्ट ही सांगावी की थर्मोस्टॅट हा पंख्याचा रेग्युलेटर नव्हे. तो २१ वर ठेवून दोन दिवस त्याला हात लावू नये, आणि बदल करायचाच झाला तर एकेका अंशाने करून पुन्हा पूर्ण दिवस वाट पाहावी. रात्री सगळे बंद करण्याने अशा घरात बचत जवळपास होतच नाही.

मात्र थर्मोस्टॅट २० वर असूनही खोली दिवसेंदिवस २६ वर राहत असेल, तर तेवढ्याने भागणार नाही. अशा वेळी माझा पहिला संशय तारांच्या अदलाबदलीवर जातो. फ्लॅटच्या पॅसेजमध्ये भिंतीत एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात आडव्या दोन दांड्या दिसतात : एकीतून गरम पाणी निरनिराळ्या खोल्यांच्या पाइपांत जाते, दुसरीत ते निवून परत येते. परतीच्या दांडीवर पाइपाच्या प्रत्येक फेऱ्याला बहुधा एकेक पांढरी टोपी बसवलेली असते. खोलीतल्या थर्मोस्टॅटने हुकूम दिला की ही टोपी विजेने आतून तापते आणि तीन-चार मिनिटांत व्हॉल्व्ह उघडते. बांधकामाच्या घाईत बैठकीच्या थर्मोस्टॅटची तार झोपण्याच्या खोलीच्या टोपीला जोडली गेली, तर बैठकीत कितीही फिरवा, निवते ती झोपण्याची खोली. असे घोटाळे आश्चर्य वाटण्याइतके सर्रास आढळतात. तपासणी सोपी आहे. सर्व थर्मोस्टॅट अगदी खाली आणावेत, अर्ध्या तासाने फक्त बैठकीचा पूर्ण वर करावा आणि पेटीपाशी उभे राहून कोणती टोपी वर उचलली जाते ते पाहावे. एकही हलली नाही किंवा भलतीच हलली, तर इमारतीच्या व्यवस्थापनाला कळवून तंत्रज्ञ बोलवावा. टोपी बसली तरी तिच्याखालची बारीक पिन अडकून व्हॉल्व्ह उघडाच राहतो, हीदेखील नेहमीची तक्रार आहे.

थर्मोस्टॅट कुठे बसवला आहे हेही पाहावे. बाहेरच्या गार भिंतीवर किंवा दाराच्या झुळुकीत असलेल्या थर्मोस्टॅटला खोली गार वाटत राहते आणि तो उष्णता मागत राहतो.

तारा बरोबर निघाल्या, तर पाण्याच्या वाटपाकडे वळावे. पेटीतल्या वरच्या दांडीवर काचेच्या लहान नळ्या असतात आणि त्यांतला लाल काटा दर मिनिटाला किती लिटर पाणी जाते ते दाखवतो. आधी या सर्व आकड्यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, मगच तापणाऱ्या खोलीचा प्रवाह, समजा १.५ लिटर असेल तर १.२ पर्यंत, कमी करून एक दिवस थांबावे. घर भाड्याचे असल्याने व्यवस्थापनाला विचारून केलेले बरे.

तरीही खरी किल्ली प्रवाहात नाही, ती पाण्याच्या तापमानात आहे. युरोपातल्या मानकानुसार वावरण्याच्या जागेत जमिनीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ नये, आणि चांगल्या बांधणीच्या नव्या इमारतीत तो खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी गरम असला तरी पुष्कळ होतो. म्हणजे नीट लावलेली जमीन अनवाणी पायाला गरम लागतच नाही, फक्त गार लागत नाही. जमीन अशी मंद ठेवण्याचा मोठा फायदा असा की ऊन येऊन खोली २३ अंशांवर गेली आणि जमीनही २३ अंशांवर असली, तर ती उष्णता देणे आपोआप थांबवते. २९ अंशांची जमीन मात्र त्याच खोलीला तापवतच राहते. आपल्या पायांना जमीन चांगली गरम लागत असेल, तर पाणी नको तितके गरम येते आहे. बाहेरच्या थंडीनुसार पाणी किती तापवायचे याचा आलेख बॉयलरच्या किंवा हीट पंपाच्या (बाहेरची उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या यंत्राच्या) नियंत्रकात ठरवलेला असतो. बाहेर आठ-दहा अंश असतानाही घर तापत असेल, तर पूर्ण आलेख खाली सरकवावा लागतो; केवळ कडाक्याच्या थंडीत तापत असेल, तर त्याचा उतार कमी करावा लागतो. हे काम तंत्रज्ञाचे आहे, पण कोणत्या हवेत घर तापते याची आठवडाभराची नोंद त्याच्या हाती दिली, तर त्याचा आणि मुलाचाही वेळ वाचेल. खोलीचे तापमान एका अंशाने उतरले तरी गरम करण्याच्या खर्चात साधारण सहा टक्क्यांचा फरक पडतो, हेही मुलाला सांगावे.

राहिला गोव्याचा प्रश्न. पाइप तेच चालतील, हवा चालणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना हवेतले पाणी २६ अंशांच्या पृष्ठभागावरच दवासारखे जमू लागते. घर खरोखर गार वाटावे म्हणून लादी २२ अंशांपर्यंत उतरवली, तर ती घाम फुटल्यासारखी ओली होईल आणि घरातली ज्येष्ठ मंडळी घसरतील. हवेतला ओलावा काढणारी वेगळी यंत्रणा सतत चालू ठेवून दारे-खिडक्या बंद ठेवण्याची तयारी असेल, तर ते शक्य आहे. पण फोंड्याच्या घरात दारे कोण बंद ठेवतो? तेवढा खर्च करायचाच असेल, तर स्लॅबवर थोडी जागा मोकळी सोडून कौलांचे छप्पर घालून घ्यावे.