फसवणाऱ्याला ‘भामटा’ म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: ‘बँकेतून बोलतो असे सांगून भामट्याने वृद्धेला गंडा घातला’ अशा बातम्यांतला ‘भामटा’ हा नुसता लबाडीवाचक शब्द समजावा, की ते एका जातीचे नाव असल्यामुळे तो टाळावा?

माझ्या मते तो टाळावा. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत ज्या १४ जाती आहेत, त्यांत बेरड, रामोशी, कैकाडी, वडार, कंजारभाट यांच्याबरोबर ‘भामटा’ आणि ‘राजपूत भामटा’ ही नावेही आहेत. मथळ्यात चोराला लागणारा शब्द प्रवेशाच्या वेळी एखाद्या मुलीच्या जातीच्या दाखल्यावर असतो, आणि तो दाखला वाचणाऱ्या कारकुनाने तोच शब्द सकाळी वर्तमानपत्रात वाचलेला असतो.

‘विमुक्त’ म्हणजे कशातून मुक्त, हेही येथे सांगायला हवे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत वाढवली. जमात एकदा जाहीर झाली की तिच्यातल्या माणसांची नोंद होई, बोटांचे ठसे घेतले जात, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि काहींना तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत ठेवले जाई. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव आजही त्या वस्तीला चिकटून आहे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरात रद्द झाला.

त्या कायद्याच्या मुळाशी एक समजूत होती: सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होतो. तिला आधार मिळाला तो एका मूल्याचा. ज्याला घरदार आणि जमीनजुमला आहे तो प्रतिष्ठित, आणि जो पाल ठोकतो व उठवतो तो संशयित, असे गावगाड्यानेही मानले होते. म्हणून सगळा दोष परक्या सरकारवर टाकून आपल्याला मोकळे होता येत नाही. समजूत आणि मूल्य एकत्र आले की वृत्ती घडते, म्हणजे गावात चोरी झाली की तपासाआधीच पारध्यांच्या पालांकडे वळणारी नजर. कायदा गेला, पण ती नजर गेली नाही, आणि ‘भामटा’सारखे शब्द तिला रोज खतपाणी घालतात.

‘बेरड’ या शब्दाचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. सुरापूरच्या बेरड नायकांनी १७०५ साली वागिनगेऱ्याच्या किल्ल्यावर औरंगजेबाच्या फौजेशी झुंज दिली, तरीही मराठीत ‘बेरड’ म्हणजे निर्ढावलेला, निगरगट्ट. उलट ‘रामोशी’ हा शब्द पहारेकरी या अर्थानेही रूढ आहे, कारण गावाची राखण हे त्यांचे काम होते. दोन्ही जाती आज एकाच यादीत आहेत. नावाला कोणता अर्थ चिकटावा हे त्या माणसांच्या स्वभावाने ठरले नाही, तर गावाचा त्यांच्याशी कोणता संबंध आला आणि गावाने त्यातले काय लक्षात ठेवले, यावर ठरले.

‘बोलणाऱ्याच्या मनात जात नसतेच, मग आक्षेप कशाला?’ असे विचारले जाते, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु हेतू निर्मळ असला तरी ऐकणाऱ्याचे आडनाव आणि दाखला बदलत नाही. ज्याला ही जात ठाऊकच नाही, त्याच्या मनात त्या माणसांविषयी पहिली ओळख म्हणून ‘फसवणारा’ एवढेच उरते, आणि पुढे प्रत्यक्ष भेट झाली तरी त्या आधीच्या ओळखीतून वाट काढावी लागते. जुन्या लेखनातला शब्द मात्र खोडू नये; तेथे तो त्या काळाचा पुरावा आहे आणि हवी तर टीप द्यावी.

पर्यायांची मराठीत वाण नाही. लबाड, लुच्चा, भुरटा, तोतया हे आहेत. ‘ठग’ही चालेल, कारण ठग ही कोणाच्या दाखल्यावरची जात नव्हे. मथळ्यापुरते बोलायचे तर ‘भामट्याने’च्या जागी ‘चोरट्याने’ लिहिल्यास एका अक्षराचीही जागा जास्त लागत नाही.