इंटरकूलरच्या पाइपसाठी पत्र्याला भोक कसे पाडावे आणि त्याची कड कशी करावी?

बाहेरून आणलेला मोठा इंटरकूलर (टर्बोकडून इंजिनात जाणारी गरम हवा गार करणारी जाळी) बसवताना त्या हवेच्या पाइपसाठी आतल्या पत्र्याला भोक कशाने पाडावे आणि कडेला काय लावावे, असे आपण विचारले आहे. कशाने पाडावे, याला माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही; होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, असल्यास उत्तम. भोक केवढे असावे आणि कड उघडी ठेवावी का, यावर मात्र माझे आणि माझ्या मेहुण्याचे गेली सात वर्षे जमलेले नाही.

माझी गाडी 2004 ची ऑक्टाव्हिया आरएस, 1.8 लिटर टर्बो पेट्रोल. बंपरच्या कोपऱ्यातला मूळचा छोटा इंटरकूलर काढून समोर मोठा बसवला, तेव्हा हेडलाइटखालच्या पत्र्यातून 63 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पाइप न्यायचा होता. मेहुण्याने पाइपच पत्र्यावर टेकवून पेन्सिलीने गोल मारला आणि ग्राइंडरने जेमतेम 66 मिलिमीटरचे भोक कापले. प्रायमर मारू या म्हटले, तर ‘बंपरच्या आत कोण बघायला येतंय, दाजी?’ असे म्हणून त्याने उघड्या कडेवर रबरी बीडिंग, म्हणजे कड झाकणारी खाचेची पट्टी, दाबून दिले.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते. ॲक्सिलरेटर दाबला की ते डोलते आणि पाइपलाही सोबत नेते. चिपळूणचा एक पावसाळा काढल्यावर गाडीचा जोर गेला आणि चढावर शीळ ऐकू येऊ लागली. बंपर उतरवला, तर घासून फाटलेले बीडिंग लोंबत होते, पाइपवर नखाएवढी चंद्रकोर चकाकत होती आणि तिच्या मधोमध टाचणी जाईल अशी चीर होती. बीडिंगखाली साचलेल्या पाण्याने कडेला तपकिरी पापुद्रे आले होते.

म्हणून पाइपभोवती सगळीकडून निदान 6 ते 7 मिलिमीटर जागा मोकळी सोडावी, म्हणजे 63 च्या पाइपला 76 चे भोक. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून पाहावा. ग्राइंडर वापरणार असाल, तर काच आणि रंग ओल्या गोणपाटाने झाकावेत, कारण ठिणग्या काचेतही रुततात. पत्रा जस्ताचा थर दिलेला असला, तरी कापलेल्या कडेवर जस्त नसते. तेव्हा अर्धगोल कानशीने धार मोडून, थिनरने पुसून, झिंक प्रायमरचे दोन हात आणि वर रंग द्यावा. बीडिंग त्यानंतर, तेही रंग पूर्ण वाळल्यावर. बीडिंग असले की प्रायमर लागत नाही, हे मेहुण्याचे म्हणणे निखालस चूक आहे.

आधीच सांगायला हवे होते ते असे की, बॅटरीची वायर काढल्याशिवाय आणि पत्र्यामागे वायरिंग किंवा एसीचा पाइप नाही हे पाहिल्याशिवाय ड्रिल लावू नये, आणि बंपरमागच्या आडव्या बीमला किंवा चॅसीच्या दांड्याला तर हातच लावू नये. मोटार वाहन कायद्याचे गाडीतल्या बदलांविषयीचे कलम 52 वाचून आणि विमा कंपनीला विचारून घ्यावे. मी यातले काहीच केले नव्हते.

मेहुणा आजही पाइपच हलक्या प्रतीचा होता असे म्हणतो. तो पाइप मी टाकलेला नाही. चंद्रकोरीची बाजू वर करून माळ्यावर ठेवला आहे.